सोलापूरचा पूर्व भाग: अकरा महिने राहून झाल्यावर

भाडेकरार अकरा महिन्यांचा, म्हणून अनुभवही अकरा महिन्यांचा. गेल्या मार्चमध्ये सामान उतरवलं, या जानेवारीत गड्ड्याची यात्रा, म्हणजे इथली सिद्धेश्वराची जत्रा, बघितली, आणि आता घरमालक अण्णा जिन्यात गाठून विचारतात, "मग, पुढचं काय ठरवलाव?" त्यांना उत्तर द्यायच्या आधी इथं लिहून काढतो. येण्यापूर्वी मी नेटवर शोधलं होतं, तेव्हा चादर, शेंगाचटणी आणि ऊन यांपलीकडे राहणाऱ्याच्या उपयोगाचं काही हाती लागलं नव्हतं.

मी चिपळूणचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघतो. नोकरी ठरल्यावर ज्याला विचारावं तो जुळे सोलापूर सांगायचा, नाहीतर विजापूर रोड, सैफुल. पूर्व भागाचं नाव काढलं की, "तिथं कशाला बे?" हा ‘बे’ पहिल्या आठवड्यात मला शिवीसारखा लागला. तो शिवी नाही. ‘बे’ लागला म्हणजे माणसानं तुम्हाला आपलं म्हटलं. फक्त अण्णांच्या वयाच्या माणसाला तो लावायचा नसतो, हे कळायला मला एक चूक करावी लागली.

तरी मी दत्तनगरच्या बाजूला घर घेतलं. कारखाना जवळ आणि भाडं जुळे सोलापूरपेक्षा बरंच कमी. पूर्व भाग म्हणजे ढोबळमानानं कन्ना चौक, अशोक चौक, साखर पेठ, भद्रावती पेठ, दत्तनगर आणि पुढं नीलमनगर, सुनीलनगरकडे पसरलेली वस्ती. याची हद्द कुठं सुरू होते ते कुणी सांगत नाही. पण चालत निघालात तर कानाला कळतं. एका गल्लीत काही नसतं, पुढच्या गल्लीत प्रत्येक दाराआडून खटक-खटक सुरू.

तर पहिला मुद्दा आवाजाचा. घराची रचना अशी: तळमजल्यावर अण्णांचे टॉवेलचे चार माग, पहिल्या मजल्यावर त्यांचं कुटुंब, वर माझ्या दोन खोल्या आणि गच्ची. पहिल्या रात्री मी तांब्याकडे बघत बसलो होतो. खालच्या प्रत्येक ठोक्याला तांब्यातल्या पाण्यात एक बारीक वर्तुळ उठायचं, ते कडेला पोचायच्या आत दुसरं. झोप लागायला आठवडा गेला. महिन्याभरानं आई फोनवर म्हणाली, "अरे, ओरडतोस कशाला?" मला वाटत होतं मी नेहमीसारखाच बोलतोय. इथं सगळेच एक पट्टी चढवून बोलतात, गिऱ्हाईकाशी, बायकोशी, देवाशी. भांडण चाललंय की चौकशी, ते चेहरा बघूनच ठरवायचं.

माग घरातच का, हा प्रश्न कोकणातल्या माणसाला पडतो. आमच्याकडे खाली दुकान असतं, फार तर पडवीत काजू सोलतात. अण्णांचे आजोबा करीमनगरकडून आले, हातात विणकाम एवढंच. पद्मशाली समाजाची अशी हजारो कुटुंबं तेलंगणातून इथं येऊन स्थिरावली, कारण सूत, बाजार आणि गिरण्या तिन्ही इथं होतं. १८७७ मध्ये इथली पहिली कापड गिरणी सुरू झाली. तिला लोक अजून ‘जुनी गिरणी’च म्हणतात, बंद पडून साठ वर्षं झाली तरी. मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम. भोंग्यावर गाव उठायचं आणि भोंग्यावर जेवायचं. गिरण्या एकेक करत गेल्या. घरातले माग मात्र राहिले, कारण त्यांना ना भोंगा लागत होता ना पाहणारा मुकादम. बाप, पोरगा, एखादा कामगार, आणि कांड्या भरायला घरातली बाई. घर आधी मागासाठी बांधलेलं आहे आणि माणसं उरलेल्या जागेत राहतात, हे ध्यानात घेतलं की इथल्या पुष्कळ गोष्टी उलगडतात. खिडक्या कमी का, जिना इतका उभा का, मधल्या खोलीत उजेड का नाही.

चादरीबद्दल एक छोटं. अण्णांनी पूर्वी चादरी विणल्या, आता टॉवेल. अस्सल सोलापुरी कशी ओळखायची ते त्यांनी कपाटातली जुनी चादर उलटून दाखवलं. वरच्या अंगाला मरून जमिनीवर पांढरी नक्षी, तर खालच्या अंगाला तीच नक्षी मरून आणि जमीन पांढरी. दोन पदर एकमेकांत विणलेले असतात, नक्षी काढणाऱ्या जॅकार्ड यंत्रावर, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेनं. छापलेली चादर उलटली की चोरी उघडी पडते. भौगोलिक मानांकन २००५ च्या सुमारास मिळालं, म्हणून बाहेरगावची ‘सोलापुरी’ थांबली असं नाही. अण्णा म्हणतात, कागद कपाटात, माल पानिपतचा.

आता पाणी, आणि इथं मला जास्त लिहावं लागेल. चिपळूणच्या माणसाची आयुष्यभराची काळजी ही की पाणी घरात येऊ नये. जुलै २०२१ चा पूर आमच्या माळ्यापर्यंत होता. इथं काळजी उलटी. मी राहिलो त्या काळात नळाला पाणी चार दिवसांआड, कधी पाचव्या दिवशी, आणि वेळ पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याच्या मनात. सकाळी सहा म्हणून बसावं तर रात्री अकराला येणार. शहराचं पाणी मुख्यतः उजनी धरणाचं, शंभराहून जास्त किलोमीटरवरून जलवाहिनीनं आणि भीमा नदीतून टाकळीपर्यंत आणून. हिप्परग्याचा एकरूख तलावही आहे, तो इंग्रजी अमदानीत बांधलेला. गावाच्या मधोमध सिद्धेश्वराचं तळं. पाणी डोळ्यांना भरपूर दिसतं. बादलीला दिसत नाही. उजनीवरून दुसरी समांतर जलवाहिनी टाकलीय. तिचा विषय रिक्षात काढून बघा, मुक्काम येईपर्यंत संपत नाही.

मी शिकलेलं पहिलं तेलुगू वाक्य ‘कसे आहात’ नाही. ते आहे "नीळ्ळु वच्चिनय", पाणी आलं. समोरच्या घरातली अक्का मोटर लावायच्या आधी खिडकीतून हे ओरडते आणि गल्लीभर दारं उघडतात. पिंप, घागरी, सिन्टेक्सची टाकी, अगदी कुकरसुद्धा. जूनमध्ये एकदा रात्री पाणी आलं. मी नळ सोडला, पडलो आणि डोळा लागला. टाकी भरून वाहिली, पाणी जिन्यानं उतरलं आणि तळमजल्यावर सुताचे कोन ठेवलेल्या कोपऱ्यात साचलं. सकाळी मी कान धरून उभा होतो. अण्णा काही बोलले नाहीत, ओले कोन उचलून उन्हात मांडत राहिले. अण्णांच्या घरच्या अक्का मात्र दोघांच्या वाटणीचं बोलल्या, आणि सूत भिजल्याबद्दल नव्हे, पाणी वाया गेल्याबद्दल. दोन दिवस गल्लीत माझ्याकडे कुणी धड बघेना. गंमत म्हणजे सप्टेंबरात सीनेला पूर आला, लांबोटीजवळ पुण्याचा महामार्ग बंद पडला, आणि आमच्या गल्लीत त्याच आठवड्यात पाणी पाचव्या दिवशीच आलं.

भाषेचं कौतुक सगळे करतात, मी थोडक्यात आटपतो. घरात तेलुगू, बाजारात मराठी, बाळी वेशीकडे गेलं की कन्नड, आणि रिक्षा, पान, उधारी या सगळ्याला दखनी उर्दू. अण्णा एका फोनवर तीन भाषा बोलतात आणि आकडे मात्र नेहमी मराठीत. नारळी पौर्णिमेला पद्मशालींच्या मार्कंडेय ऋषींचा रथ निघतो तेव्हा पूर्व भागात वाहन काढायचं नाही. मी काढलं होतं. नवरात्रात बायका फुलांची बतुकम्मा रचून तिच्याभोवती फेर धरतात. तेवढे दिवस झेंडूचा भाव विचारू नका.

लोकसंख्येकडे मी नोकरीमुळे आकडे बघायच्या सवयीनं बघितलं. २००१ च्या जनगणनेत शहर ८,७२,४७८, २०११ मध्ये ९,५१,५५८. म्हणजे दहा वर्षांत नऊ टक्के. त्याच दहा वर्षांत जिल्हा बारा टक्क्यांनी वाढला. शहर जिल्ह्यापेक्षा हळू वाढतं हे मला आधी चूक वाटलं, दोनदा भागाकार केला. त्यानंतरची जनगणना वेळेवर झालीच नाही, त्यामुळे दहा लाख पार झाले की नाही यावर चहा पीत वाद घालता येतो. पण कारण बघायचं तर सोमवारी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसला स्टेशनवर जा. पाठीला सॅक, हातात भाकरीचा डबा, पुण्याला निघालेली पोरं. अण्णांचे दोन्ही मुलगे त्यांतलेच, एक हिंजवडीला, एक हैदराबादला. मागावर बसायला कुणी नाही आणि बसावं असं अण्णाच म्हणत नाहीत.

जागेचं म्हणाल तर शहर ऐसपैस आहे, सुमारे १७८ चौरस किलोमीटर. १९९२ मध्ये आसपासची गावं पोटात घेतली. तीसहून जास्त वर्षं झाली, तरी त्या वस्त्यांना अजून ‘हद्दवाढ भाग’ म्हणतात, लग्न होऊन आजी झालेल्या बाईला नवी सून म्हणावं तसं.

घरच्या अक्का विड्या वळतात. मांडीवर सूप, एका हातात कात्रीनं कापलेलं पान, चिमटीत तंबाखू, आणि बोटं अशी चालतात की बोलणं, पोळ्यांकडे लक्ष, टीव्ही, काहीच थांबत नाही. दिवसाला हजाराचं गणित असतं, पण दुकानात गेल्यावर त्यातल्या काही खराब म्हणून बाजूला पडतात आणि त्यांची मजुरी जाते. त्यांच्या बहिणीला कुंभारीला घर मिळालं. विडी कामगार बायकांच्या दहा हजार घरांची ती वसाहत, २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते वाटप झालं. जवळच रे नगर आहे, तिथं तीस हजारांची योजना आणि त्यातली पहिली पंधरा हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये दिली. अक्कांनी मात्र अर्ज केला नाही. "तिकडं गेलो तर पान-तंबाखू आणायला रिक्षाला किती द्यायचं?"

बाकी सोयी पटापट. सिव्हिल हॉस्पिटल मोठं, आसपासच्या जिल्ह्यांतून आणि कर्नाटकातून लोक येतात, त्यामुळे गर्दी गृहीत धरायची. शहर बस असते असं ऐकून आहे, भिस्त शेअर रिक्षावर. रस्ते: स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूर नवव्या क्रमांकावर होतं, त्याचा झगमगाट पार्क चौकाच्या आसपास दिसतो. आमच्या गल्लीत स्मार्ट काय ते गटार चुकवणारे आम्ही. विमान जून २०२५ पासून गोव्याला जातं, त्यासाठी आधी साखर कारखान्याची उंच चिमणी पाडावी लागली. मी अजून बसलो नाही, पण गच्चीवरून बघतो. ऊन एप्रिल-मेमध्ये त्रेचाळीसच्या पुढे. गच्चीखालची खोली घेऊ नका, घेतलीत तर पत्र्यावर पांढरा रंग मारून घ्या. खाणं उत्तम. कडक भाकरी, उखळात कुटलेली शेंगाचटणी, वर दही. मासे विसरायचे.

गड्डा बघायलाच हवा. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, १३ जानेवारीला, सिद्धेश्वर तळ्याकाठी संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी एका कुंभारकन्येचं लग्न, अशी कथा. सात नंदीध्वज, इथं ‘काठ्या’ म्हणतात, कमरेला पट्टा बांधून माणसं पेलत आणतात, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या बाराबंदीतले हजारो लोक. मी आदल्या दिवशी चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून गेलो तर तिथं हार घातलेले दिसले. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा. १९३० च्या मे महिन्यात या गावात तीन दिवस इंग्रजांचं राज्य चाललं नव्हतं. मग मार्शल लॉ आला आणि १२ जानेवारी १९३१ ला चौघांना येरवड्यात फाशी. अण्णा म्हणाले, त्यांच्या वडिलांना आजी सांगायची, त्या साली अक्षता टाकताना लोक रडत होते. खरं-खोटं माहीत नाही. त्यांनी सांगितलं तसं लिहिलं.

आता परत आवाजाकडे येतो. सप्टेंबरपासून मला झोप चांगली लागायला लागली. मी आधी सवयीचं श्रेय घेतलं, मग लक्षात आलं की तांब्यातली वर्तुळंच कमी झालीत. दिवाळीआधी अण्णांनी दोन माग विकले, किलोच्या भावानं, भंगारात. माझ्याच कारखान्यात रॅपियर या आधुनिक मागावर तोच टॉवेल कितीतरी वेगानं निघतो, त्याचा हिशेब मीच लिहितो, त्यामुळे मला विचारण्यासारखं काही नव्हतं. टेम्पो आला, चार माणसांनी लोखंड उचललं आणि अण्णा पैसे मोजून वर आले. त्या दिवशी त्यांनी माझ्याशी मराठीतसुद्धा हळू आवाजात बोललं. आता आवाजाला पाचपैकी किती तारे द्यायचे ते तुम्हीच सांगा. मार्चमध्ये एक दिला असता.

तर करार वाढवतोय. दोन अटी मी घातल्या, दोन्ही मान्य झाल्या. एक, गच्चीवर हजार लिटरची दुसरी टाकी. दुसरी, गाडी आत लावायला जागा. ती जागा तळमजल्यावरच आहे, गेलेल्या मागांची. फरशीतून बोल्ट अजून वर आलेले आहेत, चार इकडं, चार तिकडं. अण्णा कापून देतो म्हणाले होते, मी म्हटलं राहू द्या. स्टँड लावताना पायाला लागू नये म्हणून मधोमध बघून गाडी उभी करतो.