ग्रॅमी बघायचा तर दुपारपासून बघा

ग्रॅमी सोहळ्याचा टीव्हीवरचा साडेतीन तासांचा कार्यक्रम देखणाच असतो, पण पुरस्कारांची खरी व्याप्ती तिथे कळत नाही. 2024 मध्ये एकूण 94 विभाग होते आणि संध्याकाळी त्यातले जेमतेम दहाएक दिले गेले. बाकीचे त्याच दुपारी, लॉस एंजेलिसमध्येच, ‘प्रीमियर सेरेमनी’त. ती यूट्यूबवर फुकट दिसते. तिथले 12.30 म्हणजे आपल्याकडे रात्रीचे 2. जागून बघण्यासारखी आहे.

त्या वर्षी झाकीर हुसेन यांना तिन्ही पुरस्कार दुपारीच मिळाले. विभाग कसे पडतात ते त्यांतून छान उलगडतं. बेला फ्लेक, एडगर मेयर आणि राकेश चौरसिया यांच्यासोबतचा ‘ॲज वी स्पीक’ हा अख्खा अल्बम ‘कंटेम्पररी इन्स्ट्रुमेंटल’मध्ये जिंकला, तर त्यातलाच ‘पश्तो’ हा एक ट्रॅक ‘ग्लोबल म्युझिक परफॉर्मन्स’मध्ये. ट्रॅक आणि अल्बम वेगवेगळ्या विभागांत पाठवता येतात, म्हणून हे जमलं. तिसरा पुरस्कार त्यांच्या ‘शक्ती’ या बँडच्या ‘धिस मोमेंट’ला, ‘ग्लोबल म्युझिक अल्बम’चा.

सगळ्यात जास्त गोंधळ उडतो तो ‘रेकॉर्ड’ आणि ‘साँग ऑफ द इयर’मध्ये. रेकॉर्डचा मान ध्वनिमुद्रणाचा, म्हणजे गायक, निर्माता आणि इंजिनियर यांचा. साँगचा मान फक्त गाणं रचणाऱ्यांचा. 2024 मध्ये रेकॉर्ड मायली सायरसच्या ‘फ्लॉवर्स’ला गेला आणि साँग बिली आयलिश व फिनियस यांनी लिहिलेल्या गाण्याला. हा फरक निवेदनात दोन वाक्यांत सांगता येईल. तो सांगायलाच हवा.

मतदानाची पद्धत मला निम्मी पटते. ग्रॅमी देणाऱ्या रेकॉर्डिंग अकादमीचा प्रत्येक मतदार सदस्य सहा मुख्य विभागांत मत देतो, शिवाय तीन क्षेत्रांतल्या जास्तीत जास्त दहा विभागांत. त्यामुळे जॅझ किंवा शास्त्रीय संगीताचा निकाल बऱ्यापैकी जाणकारांच्या हातात राहतो. मुख्य विभागांत मात्र सगळेच मत देतात आणि तिथे ओळखीचं नाव जड भरतं. नामांकनं ठरवणाऱ्या गुप्त समित्या 2021 मध्ये बंद केल्या, हे फार बरं झालं.

मंचावर हातात देतात ती ट्रॉफी तात्पुरती असते. नाव कोरलेली नंतर पोचते.

संध्याकाळला पाचपैकी तीन, दुपारला साडेचार. अर्धा गुण घाईसाठी कापला: नावं भराभर वाचतात, बरेच विजेते हजर नसतात. नामांकनांची यादी समोर उघडून बसा, नाहीतर आपला कलाकार जिंकल्याचं कळेपर्यंत पुढचा विभाग सुरू झालेला असतो.