कलमाची पट्टी सोडून बघा: अंगणाच्या कामात झालेली फसवणूक

नव्या घराच्या अंगणाचं काम ज्यांना कोणाला द्यायचंय त्यांच्यासाठी लिहितोय, म्हणून आकडे जसेच्या तसे देतो. आमचं घर तळेगाव दाभाड्याला. वास्तुशांत झाली होती, अंगणात अजून राडारोडा पडलेला, आणि पहिला पाऊस झाल्या झाल्या लँडस्केपिंग करणारा एक माणूस गेटवर आला. बोलायला गोड, मोबाइलमध्ये बंगल्यांच्या बागांचे ढीगभर फोटो. (त्यातली एक बाग पुण्यातल्या एका हॉटेलची निघाली.) संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर कोटेशन हजर. लॉन 800 चौरस फूट, फुटाला 45 रुपये, म्हणजे 36,000. लाल माती 6 ब्रास, ब्रासला 5,500, म्हणजे 33,000. ‘देवगड हापूस’ची सहा कलमं, नगाला 1,200. खड्डे, खत, मजुरी धरून ठोक 85,000, त्यातले 50,000 आगाऊ. पैसे यूपीआयने मागितले, तेही भावाच्या खात्यावर.

आधी मातीचं सांगतो. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. आमचा हिशोब चोख होता: लॉनखाली अर्धा फूट थर म्हणजे 400 घनफूट, आणि आंब्याचे तीन बाय तीन बाय तीनचे सहा खड्डे म्हणजे आणखी 162. सहा ब्रास जवळपास बरोबर बसत होते. ट्रॅक्टरच्या सहा खेपा झाल्या, खेपेला एक ब्रास म्हणून वहीत सह्याही झाल्या. काही दिवसांनी तीच ट्रॉली पलीकडच्या गल्लीत उभी दिसली तेव्हा टेप घेऊन गेलो. आतून लांबी 9 फूट, रुंदी 5, फळीची उंची दीड. गुणाकार करा, साडेसदुसष्ट घनफूट येतात. सहा खेपांचे जेमतेम चार ब्रास. दोन ब्रास, म्हणजे 11,000 रुपये, नुसत्या हवेचे. विचारलं तर म्हणाला, “साहेब, माती बसणारच की.” बसते, खरं आहे. पण मी ट्रॉली मोजली होती, अंगण नाही, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं.

आणि माती तरी कसली? वरवर तांबूस, पण हाताने चाळली तर मुरूम, विटांचे तुकडे, प्लास्टरचा चुरा. कुठल्यातरी पायाच्या खोदाईतला माल होता. प्लास्टरचा चुरा दिसत नसला तरी ओळखता येतो: चिमूटभर मातीवर लिंबू पिळा, फसफसली तर त्यात चुना आहे. अशा मातीत झाडाला लोह उचलता येत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आमच्या जास्वंदीचं तेच झालं, आणि आम्ही महिनाभर खत घालत बसलो.

लॉनबद्दल फार लिहीत नाही, कारण ते दिसायला झकास होतं. श्रावणापर्यंत. मग हिरवळीतून चकचकीत, जास्त गडद हिरव्या काड्या वर यायला लागल्या. एक काडी उपटून बुडाशी बोटात फिरवली तर तीन कडा लागल्या. गवताचा दांडा असा तिकोनी नसतो. हा लव्हाळा. याच्या मुळाशी काळ्या गाठी असतात आणि एकीला दुसरी जोडलेली असते. खुरप्याने काढायला जावं तर काडी हातात येते, गाठ जमिनीत राहते आणि पुन्हा फुटते. लॉनचं कार्पेट अंथरल्यावर खाली खणणं शक्य नसतं, आणि हे त्या माणसाला पक्कं ठाऊक असतं. म्हणून माती पडली की लगेच लॉन अंथरू देऊ नका. मातीला पाणी मारून दोन-तीन आठवडे तशीच ठेवा, काय उगवतंय ते बघा. कंत्राटदार घाई करेल, “पाऊस गेला तर लॉन धरणार नाही” म्हणेल. म्हणू दे. लॉन पाणी घालून धरतं.

आता कलमं. खरी गंमत इथे आहे, आणि याला वैतागूनच मी लिहायला बसलो.

सहाही कलमं काळ्या पिशवीत, कमरेएवढी, हिरवीगार. बुंध्याजवळ प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळलेली. कलम ओळखायचं तर पट्टी बघायची, एवढं बहुतेकांना माहीत असतं, आणि विकणाऱ्यालाही ते माहीत असतं. गणपतीला बायकोचे मामा कणकवलीहून आले. अंगणात फिरता फिरता एका कलमापाशी उकिडवे बसले, बुडाची माती बोटाने बाजूला केली आणि हसायलाच लागले. “जावयानू, ह्यां कलम नाय. काडी केव्हाच मेली, खालसून रायवळ इलो.”

मग त्यांनी दाखवलं. ज्याच्यावर कलम बांधतात तो खुंट, कोयीपासून वाढवलेला रायवळ, म्हणजे गावठी आंबा. त्यावर चांगल्या झाडाची काडी बसवतात, तिथे जोड असतो. आमच्या पिशव्यांत मूळ जोड मातीत दोन-तीन बोटं गाडलेला होता. माती काढल्यावर जुनी, कुजकी पट्टी दिसली आणि तिच्यावर वाळून तपकिरी पडलेला काडीचा तुकडा, करंगळीच्या पेरापेक्षा लहान. हिरवं झाड त्याच्या खालून, खुंटातून फुटलेलं. वर वीतभर अंतरावर जी नवी कोरी पट्टी बांधली होती ती सोडली, तर आत साल सलग, गुळगुळीत. ना तिरका काप, ना गाठ. काहीच जोडलेलं नव्हतं, नुसती पट्टी बांधली होती. सहापैकी सहा तशीच. रोपवाटिकेत मेलेली कलमं कवडीमोलाने उचलायची, खुंट फुटला की वर पट्टी बांधून हापूस म्हणून खपवायची, असा हा धंदा, असं मामांचं म्हणणं. कोयीचं झाड फळ द्यायला सहा-आठ वर्षं सहज घेतं, आणि फळ कसं निघेल ते कोणी सांगू शकत नाही. तोवर विकणारा कुठे सापडतोय?

तेव्हा घेताना पिशवीतली माती थोडी उकरा. जोड जमिनीच्या वर दिसला पाहिजे. पट्टी सोडून दाखवायला सांगा; जुळलेल्या कलमाला त्याने काही होत नाही, उलट पट्टी वेळेवर काढली नाही तर बुंधा आवळतो. आत तिरका व्रण आणि खालच्या-वरच्या सालीत थोडा फरक दिसेल. फुटवा जोडाच्या वरूनच आलेला असावा. अर्थात यावरून एवढंच कळतं की कलम खरं आहे. जात हापूस आहे का, हे त्या वयात पानांवरून ठरवणं कठीण. तिथे कागदच लागतो. महाराष्ट्रात फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी 1969 पासून कायदा आहे, परवाना लागतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून किंवा परवानाधारकाकडून घ्या आणि बिलावर जात, नग आणि परवाना क्रमांक लिहून घ्या. टेम्पोतून दारात आलेल्या ‘देवगड’ला यातलं काहीच नसतं.

पैशांचं काय झालं ते थोडक्यात. उरलेले 35,000 दिले नाहीत, त्यावर त्याने आधी विनवण्या केल्या, मग दमदाटी. मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि वकिलामार्फत नोटीस पाठवली. कोटेशनचा व्हॉट्सॲप मेसेज, यूपीआयची नोंद आणि टेप लावलेल्या ट्रॉलीचे फोटो, एवढाच पुरावा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि दोन वर्षांच्या आत जाता येतं, हे नोटिशीत लिहिल्यावर 20,000 परत आले. बाकीचे येतील असं वाटत नाही. पैसे भावाच्या खात्यावर गेले असल्याने “माझा काय संबंध” हे ऐकावं लागलं ते वेगळंच. ज्याच्याशी व्यवहार, त्याच्याच नावावर पैसे द्या.

झाडं मी उपटून टाकणार होतो, मामांनी अडवलं. मुळं धरलेला खुंट आयता मिळालाय, त्यावरच कलम करू म्हणाले. पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या बागेतल्या हापूसच्या काड्या आणल्या: तीन-चार महिन्यांची, पेन्सिलीएवढी जाड फांदी, आठ-दहा दिवस आधी देठ ठेवून पानं छाटलेली, म्हणजे डोळा फुगतो. त्या ओल्या गोणपाटात गुंडाळून आल्या. खुंटाला खाच, काडीला पाचर, वरून पट्टी आणि हवा लागू नये म्हणून प्लॅस्टिकची टोपी. सगळी नाही धरली, पण बरीच धरली. आता जोडाच्या खालून फुटवा आलेला दिसला की लगेच नखाने खुडतो, नाहीतर खुंट पुन्हा वरच्या काडीला मारून टाकतो.