सेइथेनिनचा माग: वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा मोफत ऑनलाइन संग्रह, कोकणातल्या वाचकासाठी

भरतीच्या आधी उघाडी (खारबांधातला पाण्याचा दरवाजा) बंद झाली नाही तर काय होतं, हे खाडीकाठच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. खारं पाणी भातशेतीत शिरतं आणि जमिनीतला खारेपणा धुऊन निघायला पुढचे काही पावसाळे जातात. वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर, कार्डिगन उपसागराकाठी, नेमकी अशीच एक कथा सांगतात. मुलखाचं नाव कांत्रेर ग्वेलोद (Cantre'r Gwaelod), म्हणजे 'तळचा परगणा'. राजा ग्विद्नो. समुद्र अडवणाऱ्या बांधाच्या दरवाजांची राखण सेइथेनिनकडे होती. मेजवानीच्या रात्री तो दारू पिऊन पडला, दरवाजे उघडे राहिले आणि अख्खा परगणा पाण्याखाली गेला.

ही कथा इंटरनेटवर कुठेही वाचायला मिळते. तिच्यातला कोणता भाग जुना आणि कोणता मागाहून चिकटला, हे बघायचं असेल तर आबरिस्टविथ इथल्या वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर जावं. 1907 साली स्थापन झालेल्या या ग्रंथालयाच्या तीन गोष्टी इथे विचारात घेतल्या आहेत: हस्तलिखितांची छायाचित्रं, जुनी वृत्तपत्रं आणि चरित्रकोश. तिन्ही फुकट आहेत आणि घरबसल्या वाचता येतात. कोकणातल्या दंतकथा गोळा करणाऱ्यांनी, वाचनालय चालवणाऱ्यांनी आणि लोककथांवर प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा संग्रह जरूर वापरावा. मात्र पहिल्या दिवशी तो हाती लागत नाही. त्याची कारणं समजली की अर्धा त्रास कमी होतो.

सुरुवात हस्तलिखितापासून करावी, कारण संग्रहाचं खरं मोल तिथे आहे. 'कारमार्थनचं काळं पुस्तक' हे साधारण 1250 च्या सुमाराचं, दोन्ही बाजूंना लिहिलेल्या 54 पानांचं, हातात सहज मावेल एवढं छोटं पुस्तक. एकाच लेखकानं ते वेगवेगळ्या वेळी लिहिलं, म्हणून अक्षराचा आकार पानागणिक बदलतो. बुडालेल्या परगण्याची सर्वांत जुनी कविता त्याच्या अगदी शेवटच्या पानांवर आहे. ती उघडून बघितली की पहिला धक्का बसतो: तिच्यात दारूडा राखणदार नाहीच. सेइथेनिनला बाहेर येऊन खवळलेला समुद्र बघ, असं सांगितलं आहे आणि शाप दिला आहे तो एका तरुणीला. तिनं मेजवानीनंतर पाणी मोकळं सोडलं, असा आरोप आहे. तिचं नाव मेरेरिद, आणि तिचा संबंध झऱ्याशी किंवा विहिरीशी आहे. म्हणजे मूळ कथा विहीर ओसंडून मुलूख बुडाल्याची असावी. बांध, दरवाजे आणि नशेतला राखणदार हे सगळं पुढच्या शतकांतलं. आपल्याकडे एखाद्या तळ्याच्या किंवा बावीच्या कथेत हळूहळू सावकार आणि सरकार शिरतात, तसंच हे झालं.

हस्तलिखिताचं चित्र तुकड्या-तुकड्यांनी लोड होतं. जितकं मोठं कराल तितके नवे तुकडे मागवले जातात. पावसाळ्यात नेटवर्क दोन काड्यांवर आलं की पान धुरकट राहतं आणि ते बिघडलं असं वाटतं. बिघडलेलं नसतं. एकदाच हवं तेवढं मोठं करावं, बोट काढून थांबावं, चित्र स्पष्ट झालं की स्क्रीनशॉट घ्यावा आणि मग पुढच्या पानावर जावं. मोबाइलवर मध्ययुगीन अक्षर वाचण्याचा हट्ट धरू नये, त्यासाठी वाचनालयातला संगणक बरा. चित्राशेजारी मराठीच काय, सोपं इंग्रजी भाषांतरही मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. यांत्रिक भाषांतर आजच्या वेल्शसाठी चालतं, तेराव्या शतकातल्या स्पेलिंगपुढे ते गडबडतं आणि आत्मविश्वासानं चुकीचा अर्थ देतं. भाषांतर छापील अभ्यासग्रंथातून घ्यावं आणि हे चित्र पडताळणीसाठी वापरावं.

आता वृत्तपत्रं. 1804 ते 1919 या काळातली अकरा लाखांहून अधिक पानं, शब्दानुसार शोधता येतील अशी. कथा सामान्य लोकांत कशी फिरली हे बघायला याहून चांगलं साधन सापडणं कठीण. पण शोधाची पद्धत माहीत नसेल तर इथे हमखास पदरी निराशा येते.

अडचण वेल्श व्याकरणाची आहे. मराठीत विभक्ती लागली की शब्दाचं शेपूट बदलतं: घोडा, घोड्याला. वेल्शमध्ये शब्दाचं तोंड बदलतं. 'कम्री' म्हणजे वेल्स. 'वेल्सला' म्हणताना ते 'गम्री' होतं, 'वेल्समध्ये' म्हणताना 'ङ्हम्री' आणि 'आणि वेल्स' म्हणताना 'खम्री'. म्हणून कांत्रेर असं टाइप केलं तर गांत्रेर, ङ्हांत्रेर आणि खांत्रेर असलेली पानं सुटतात. ग्विद्नोचा ग काही जागी पूर्ण गळतो आणि विद्नो उरतो. मेरेरिदची व्हेरेरिद होते. फक्त ग्वेलोद शोधलं तर उलट अडचण: तो 'तळ' या अर्थाचा रोजचा शब्द, निकालांचा ढीग पडतो.

यावर उपाय सोपा आहे. वेल्शमध्ये स-नं सुरू होणारे शब्द असे बदलत नाहीत. म्हणून सेइथेनिन हाच शोधशब्द धरावा. त्याची तीन स्पेलिंगं करून पाहावीत: शेवटी वाय-एन (Seithenyn), शेवटी डबल एन-आय-एन (Seithennin) आणि जुनं एच-आय-एन (Seithenhin). नंतर ग्वेलोद सोबत जोडून निकाल गाळावेत. कांत्रेर शब्दात अपॉस्ट्रॉफी येतो, तो टाकूनही एकदा शोधावं. इंग्रजी वृत्तपत्रांपासून सुरुवात केली तर वाचणं सोपं जातं, भाषेची आणि वर्षांची गाळणी त्यासाठीच आहे.

दुसरा घोळ छपाईचा. मजकूर यंत्रानं पानावरून वाचलेला आहे. फिकट शाईत एन अक्षराचं यू होतं, आर आणि एन जवळ आले की एम होतं, ओळीच्या टोकाला तुटलेला शब्द दोन वेगळे शब्द म्हणून नोंदवला जातो. त्यामुळे 'सापडलं नाही' म्हणजे 'छापलंच नव्हतं' असा निष्कर्ष काढू नये. शेजारी दिसणारा यंत्राचा मजकूर उद्धृत करायचा असेल तर प्रत्येक ओळ मूळ चित्राशी ताडून घ्यावी.

तिसरी अडचण सर्वांत गंभीर, आणि ती ग्रंथालयाच्या हातची नाही. योलो मोर्गानुग, खरं नाव एडवर्ड विल्यम्स, 1747 ते 1826. दगडी कोरीवकाम करणारा, अफाट वाचन असलेला कवी आणि तितकाच कसलेला बनावटकार. 1789 मध्ये छापलेल्या, दाविथ आप ग्विलिम या मध्ययुगीन वेल्श कवीच्या कवितासंग्रहात त्यानं स्वतःच्या कविता जुन्या म्हणून घातल्या. 1792 साली लंडनच्या प्रिमरोझ हिलवर कवींचा 'प्राचीन' विधी केला, तोही त्याच्याच डोक्यातून आलेला. 1801 ते 1807 मध्ये तीन खंडांत निघालेल्या जुन्या वेल्श साहित्याच्या संग्रहात त्याची बनावट त्रिपदं (तीन-तीन नावं किंवा गोष्टी एकत्र सांगणारी वचनं) शिरली, आणि त्यांतच सेइथेनिनला ब्रिटन बेटाच्या तीन अट्टल दारूड्यांपैकी एक म्हटलं आहे. एकोणिसाव्या शतकातली वृत्तपत्रं हे सारं खरं मानून छापत राहिली. तेव्हा 'प्राचीन त्रिपदांनुसार' असं वाक्य दिसलं की थांबावं आणि ती त्रिपदं कोणत्या हस्तलिखितातली आहेत ते बघावं. 1789 च्या आधीचा पुरावा नसेल तर कथा योलोची असू शकते असं धरून चालावं.

इथे चरित्रकोश कामाला येतो. तो मुळात 1953 मध्ये वेल्शमध्ये आणि 1959 मध्ये इंग्रजीत छापला गेला. आता तो दोन्ही भाषांत ऑनलाइन आहे आणि नव्या नोंदींची भर पडते. नोंद छोटी असते, खाली आधार दिलेले असतात. वाचताना कोश आधी उघडावा, वृत्तपत्र नंतर. जुन्या नोंदींची भाषा जड आहे आणि स्त्रियांबद्दल त्यांत फारच थोडं मिळतं, ही मोठी उणीव.

पंचतंत्र लहानपणी ऐकलेल्यांनी एक शोध नक्की करावा: गेलर्ट. वेल्समधल्या बेद्गेलर्ट गावात गेलर्ट नावाच्या कुत्र्याचं थडगं दाखवतात. राजपुत्र लेवेलिन घरी येतो, पाळणा उलटा, कुत्र्याच्या तोंडाला रक्त. तो कुत्र्याला मारतो आणि मग मूल सुखरूप आणि लांडगा मेलेला दिसतो. ही आपली ब्राह्मणी आणि मुंगसाचीच गोष्ट, फक्त सापाच्या जागी लांडगा. थडगं अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या खानावळीच्या मालकानं, प्रवासी यावेत म्हणून, उभं केलं असं मानतात. वृत्तपत्रांत गेलर्ट शोधून निकाल जुन्यापासून नव्याकडे लावले की कथा पर्यटनाबरोबर कशी पसरते ते दिसतं. इंग्रजीतच भरपूर सापडतं, त्यामुळे दहावीच्या मुलांनाही हा शोध जमतो.

बुडालेल्या परगण्याकडे परत येताना एक गोष्ट कथेच्या बाहेरची. बोर्थ आणि अनिसलासच्या किनाऱ्यावर मोठ्या वादळानंतर वाळू सरकते आणि ओहोटीला जुन्या झाडांचे बुंधे उघडे पडतात: ओक, पाइन, बर्च. ते साधारण साडेचार ते सहा हजार वर्षांपूर्वीचे आहेत. 2014 च्या वादळांनंतर ते ठळक दिसले. समुद्रात शिरणाऱ्या दगडी रांगांना लोक बुडालेले बांध म्हणत, पण त्या हिमनद्यांनी टाकलेल्या दगडगोट्यांच्या आहेत. उघाडीवर राबणाऱ्या माणसाला हे लगेच पटेल: समुद्र वर चढला हे खरं, बांध मात्र माणसानं नंतर कथेत घातला. परशुरामाच्या बाणानं समुद्र हटल्याची आपली कथा याच्या अगदी उलट दिशेनं जाते, आणि दोन्ही एकत्र शिकवल्या तर वर्गात चर्चा रंगते. त्यासाठी आधी हस्तलिखिताचं पान मोठ्या पडद्यावर दाखवावं, मग बुंध्यांची छायाचित्रं, आणि योलोची त्रिपदं सर्वांत शेवटी. क्रम उलटा केला की मुलांच्या डोक्यात दारूडाच पक्का बसतो.