वारकरी संस्थेच्या देणग्या : ‘तिथी’ आणि यूपीआय ऑटोपे, दसऱ्यापासून वापरल्यानंतरचा अनुभव

आळंदीत जोग महाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. आज गावात तिच्याशिवाय कितीतरी छोट्या खासगी संस्था आहेत. आमची त्यांतलीच एक. मुलं बहुतेक मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्यांची. पहाटे काकडा, मग पाठांतर, दुपारी गावातली शाळा, संध्याकाळी मृदंग आणि हरिपाठ. सरकारी अनुदान नाही आणि मुलांकडून फी घ्यायची नाही, हा आमच्या संस्थेच्या महाराजांचा शब्द आहे. त्यामुळे सगळा भार देणगीवर. मी संस्थेचा हिशेब पाहतो. २०२४च्या दसऱ्यापासून आम्ही देणगी घेण्याची पद्धत बदलली. इतर पाठशाळा, मदरसे, मिशनच्या छोट्या शाळा चालवणाऱ्यांनाही उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी पैसा येई तो कार्तिकी वारीत पावतीपुस्तकावर आणि वार्षिक कीर्तन महोत्सवात. महोत्सवात जमा दिसते मोठी, पण मंडप, साउंड, कीर्तनकारांचं मानधन, पंगती हे सगळं वजा जाता हातात फारसं उरत नाही. महोत्सव आम्ही बंद केला नाही, करणारही नाही. त्यातून माणसं जोडली जातात. फक्त वर्षाचा किराणा त्याच्या भरवशावर ठेवणं थांबवलं.

नवी पद्धत अशी. एका वेळच्या पंगतीचा खर्च किराणा, भाजी, गॅस आणि आचाऱ्याचा पगार धरून काढला. वर्षातला एकेक दिवस देणगीदारांसाठी मोकळा ठेवला आणि लोकांना ‘संस्थेला मदत करा’ असं न म्हणता ‘तुमच्या वडिलांची तिथी कोणती?’ असं विचारलं. फरक इथेच पडला. त्या दिवशीच्या पंगतीचा खर्च उचलणं म्हणजे ‘तिथी’ घेणं. वडिलांचं श्राद्ध, मुलाचा वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस अशा दिवसाशी जोडलेली देणगी माणूस सहसा विसरत नाही आणि पुढच्या वर्षी स्वतःच फोन करतो. पाचशे रुपये देताना घासाघीस करणारे गृहस्थ आईच्या नावाने अख्ख्या दिवसाचं अन्नदान घेतात, हे मी वारंवार पाहिलं.

यूपीआय ऑटोपे (एकदा मंजुरी दिली की खात्यातून हप्ता आपोआप कापला जाण्याची सोय) यात बसवताना मोठी अडचण पंचांगाची आली. तिथी वद्य नवमी म्हणून नोंदवलेली असते आणि बँकेला तारीख लागते. तिथी दरवर्षी पुढेमागे होते, अधिक महिना आला की आणखी सरकते. म्हणून वर्षातून एकदा पैसे कापण्याऐवजी रक्कम बारा हप्त्यांत वाटली. ३,६०० रुपयांची तिथी असेल तर महिन्याला ३००, पगाराच्या आठवड्यात. तिथीचा दिवस आम्ही पंचांग बघून ठरवतो आणि आठ दिवस आधी कळवतो. ऑटोपेमध्ये १५,००० रुपयांपर्यंतच्या हप्त्याला दरवेळी पिन लागत नाही, त्यामुळे ज्येष्ठांनाही एकदा मंजुरी दिली की पुरे. मात्र पैसे कापण्याच्या किमान चोवीस तास आधी बँकेचा संदेश जातो. तो वाचून काही जण घाबरतात. ‘माउली, हे पैसे कोण काढतंय?’ असे फोन सुरुवातीला बरेच आले. आता नोंदणीच्या वेळीच त्या संदेशाचा नमुना दाखवतो, तेव्हापासून फोन कमी झाले. खात्यात शिल्लक नसली की हप्ता चुकतो. अशा वेळी माणसानेच आपुलकीने फोन करावा, यंत्राकडून आठवण पाठवू नये, असं माझं ठाम मत आहे.

तक्रार एकच, पण मोठी. ज्या कंपनीमार्फत आम्ही हप्ते घेतो, तिच्या यादीत व्यवहार क्रमांक येतो, देणाऱ्याचं पूर्ण नाव येत नाही. पावती कोणाच्या नावाने फाडायची? त्यामुळे नाव, तिथी, पॅन आणि पत्ता आधी फॉर्मवर घेतो, मगच पैसे. मे महिन्यात याचं महत्त्व कळलं. ८०जी मंजुरी (आयकर कायद्याची, जिच्यामुळे देणगीदाराला करसवलत मिळते) असलेल्या संस्थेला तेव्हाच्या नियमाप्रमाणे देणगीदारांची यादी ३१ मेपर्यंत फॉर्म १०बीडीमध्ये भरावी लागत होती, तरच त्यांना करसवलतीसाठीचं १०बीई प्रमाणपत्र देता येत होतं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क. आमची माहिती तयार होती म्हणून काम वेळेत झालं. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीवर करसवलत मिळत नाही, हेही पावतीच्या टेबलावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावं. नव्या करप्रणालीत ८०जीचा फायदाच नाही, त्यामुळे नोकरदार मंडळी त्याबद्दल आता फारसं विचारत नाहीत. आणि निव्वळ धार्मिक हेतूच्या ट्रस्टला ८०जी मिळत नाही. आमच्या ट्रस्टच्या घटनेत (नियमावलीत) शिक्षण आणि अन्नदान असल्यामुळे ती मिळाली, पण धार्मिक कामावरचा खर्च उत्पन्नाच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. नवीन संस्था काढणाऱ्यांनी घटना लिहितानाच सनदी लेखापालाला दाखवावी.

सगळ्यात जास्त वेळ गेला जुन्या कायम तिथींवर. नव्वदच्या दशकात लोकांनी १,१०१ रुपये भरून कायमची तिथी घेतली. तेव्हा मुदत ठेवीवर १२ टक्क्यांच्या आसपास व्याज होतं, म्हणजे वर्षाला सुमारे १३२ रुपये. त्यात त्या काळी भाजी आणि डाळीचा चांगला हातभार लागे. आज सात टक्के धरले तर ७७ रुपये. तरीही त्या दिवशी फळ्यावर त्यांचं नाव लागतं आणि लागलंच पाहिजे. ती ठेव मोडता येत नाही, कारण देणाऱ्याने ती लेखी सूचनेने कायमनिधीसाठी दिलेली आहे. आम्ही त्या घराण्यांतल्या पुढच्या पिढीला पत्रं लिहिली, मूळ पावतीची प्रत जोडली आणि ही व्याजाची गोष्ट जशीच्या तशी मांडली. आजोबांच्या सहीची पावती पाहून नातवंडांनी रक्कम वाढवली, काहींनी मासिक हप्ता सुरू केला. इतकी मनापासून आलेली देणगी मला दुसऱ्या कुठल्याच मार्गाने मिळाली नाही. ज्यांच्या कपाटात जुनी पावतीपुस्तकं पडून आहेत त्यांनी ती आजच उघडावीत.

बाकीचं थोडक्यात. क्यूआर आणि साउंडबॉक्स एरवी छान चालतात, पण कार्तिकीच्या गर्दीत नेटवर्क बसतं, म्हणून पावतीपुस्तक हवंच. कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक कामासाठीचा निधी) आमच्यासाठी नाही. नोंदणी आणि कागदपत्रं होतात, पण पारमार्थिक शिक्षण म्हटलं की बहुतेक ठिकाणी बोलणं तिथेच संपतं. परदेशातून पैसे घेताना जपावं. भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून दिलेली देणगी परदेशी धरली जात नाही, पण ओसीआय कार्डधारकाची (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयाची) धरली जाते आणि तिला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. म्हणून आम्ही आधी पासपोर्ट विचारतो. धान्याची देणगी मात्र जरूर घ्यावी. सुगीनंतर मुलांच्या गावांहून ज्वारी-गहू येतो, त्यातून रोख पैसे वाचतात आणि पालकांचा मानही राहतो.

देणगीदार पंगतीचे फोटो मागतात. मुलांचे चेहरे आम्ही पाठवत नाही, कारण जेवणाऱ्या मुलाला कुणाच्या दयेचा विषय करणं आम्हाला मान्य नाही. त्याऐवजी फळ्यावरच्या नावाचा फोटो आणि पंगतीतल्या ‘पुंडलिक वरदे हरि विठ्ठल’ या जयघोषाची ध्वनिफीत पाठवतो. आवाज ऐकून रडलेल्या आजींचे फोन आले आहेत. फोटोचा आग्रह त्यानंतर कोणी धरलेला नाही.

दिवस सारखे भरत नाहीत. पितृपक्षात, विशेषतः सर्वपित्रीला, मागणी इतकी की एकाच दिवशी अनेक नावं लावावी लागतात. एकादशीला फारसं कोणी येत नाही, आणि भगर-शेंगदाण्यामुळे स्वयंपाक उलट महाग पडतो. आषाढीला मुलं पालखीबरोबर चालतात, तेव्हा खर्च वाटेवर होतो आणि तिथी रिकाम्या राहतात. म्हणून द्वादशीच्या पारण्याची आणि वारीतल्या मुक्कामाच्या जेवणाची वेगळी नोंदणी सुरू केली आहे. २०२६ला अधिक ज्येष्ठ आहे. त्या महिन्यात जावयाचं वाण देतात तसं अन्नदानही लोक आवर्जून करतात. त्याची यादी आम्ही २०२५च्या दिवाळीपासूनच उघडायचं ठरवलं.