पिएझो, मॅग्नेटिक की दोन्ही? कोकणात गिटार बनवून घेण्याआधी

गिटार बनवून घ्यायची ठरली की आधी रंग ठरतो, मग लाकूड. फणसाचीच बॉडी हवी, असा हट्टही आपल्याकडे असतो. पुरवावा, तो पिवळा रंग दिसतो सुरेख. पण पिकअप, म्हणजे तारेचं कंपन विजेत बदलणारा भाग, निवडण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारा: ही गिटार ॲम्पमध्ये जाणार की थेट साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये?

मॅग्नेटिक पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली केसासारखी बारीक तांब्याची कॉइल. वर स्टीलची तार थरथरली की कॉइलमध्ये वीज उमटते. आवाज भरीव, मधल्या पट्टीत दाट. ओव्हरड्राइव्ह (मुद्दाम फाटवलेला आवाज), लांब सूर, ब्लूज, रॉक हे सगळं इथेच. गिटार ॲम्पचा बारा इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं ऐकवत नाही, आणि आपल्या कानाला सवय आहे ती या जोडीची. तोच पिकअप थेट मिक्सरला जोडा, क्लीन आवाज कोरडा आणि ओव्हरड्राइव्ह कर्कश लागतो.

पिएझोचं उलट. ब्रिजच्या प्रत्येक सॅडलमध्ये, म्हणजे तार जिथे टेकते त्या तुकड्यात, छोटा स्फटिक असतो, तारेचा दाब बदलला की तो व्होल्टेज देतो. चुंबकाशी संबंध नाही, त्यामुळे नायलॉनच्या ताराही चालतात. पीएवर, म्हणजे मिक्सरला जोडलेल्या मोठ्या स्पीकरांवर, आवाज मोकळा, ॲकूस्टिककडे झुकणारा. हुबेहूब ॲकूस्टिक मात्र नाही. भरीव बॉडीत हवा हलवणारी पेटीच नसते, आणि जोरात स्ट्रमिंग केलं की तो कुप्रसिद्ध, बदकासारखा ‘क्वॅक’ येतोच. गिटार ॲम्पला जोडलात तर वरचा सगळा किणकिणाट स्पीकर गिळून टाकतो आणि पैसे पाण्यात.

मग दोन्ही घालावेत का? कल्पना जुनी आहे. १९९३च्या पार्कर फ्लाय या इलेक्ट्रिक गिटारमध्ये दोन्ही होते. ग्राफटेकचे घोस्ट सॅडल किंवा फिशमनचा पॉवरब्रिज असे पिएझोवाले भाग घेऊन कुशल कारागीर आजही हे करून देतो. गडबड होते ती मिश्रणाच्या जागी. ‘एक पॉट (नॉबखालचा बदलता रोधक) टाकू आणि दोन्ही मिसळू’ असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबवा. पिएझो म्हणजे विजेच्या भाषेत जेमतेम एक कपॅसिटर. त्याची क्षमता १ नॅनोफॅरड धरा आणि तो मॅग्नेटिकच्या ५०० किलोओहम पॉटला जोडा: सुमारे ३२० हर्ट्झच्या खालचा आवाज उतरायला लागतो. जाड ई तारेचा सूर ८२ हर्ट्झवर आहे, म्हणजे बासच गेला. तोच पिएझो १० मेगाओहमच्या प्रीॲम्पला (गिटारमधल्याच छोट्या सर्किटला) दिला की ही मर्यादा १६ हर्ट्झवर येते. थोडक्यात, ९ व्होल्टच्या बॅटरीवरचा बफर (असाच प्रीॲम्प) आधी, मिश्रण नंतर.

दुसरी तपासणी फेजची, म्हणजे दोन्ही पिकअपच्या लहरी एकाच वेळी वर-खाली होतात का याची. दोन्ही निम्मे-निम्मे ठेवून जाड ई वाजवा. एकेकट्याने भरदार असलेला सूर एकत्र आल्यावर पातळ झाला, तर एकाची फेज उलटी आहे. प्रीॲम्पवर स्विच असेल तर उत्तम. नसेल तर मॅग्नेटिकची जोडणी उलटावी लागते, पण ज्या हंबकरची (दोन कॉइलच्या मॅग्नेटिक पिकअपची) एक टोकाची वायर वेणीच्या शील्डलाच, म्हणजे बाहेरच्या जाळीला, जोडलेली असते, तिथे हे साधं काम राहत नाही. म्हणून चार कंडक्टरवाला (चार सुट्या वायरींचा) हंबकर मागा. मिश्रणाला माझी पसंती नेक पिकअपला, म्हणजे मानेजवळच्या मॅग्नेटिकला: त्याचा गोलावा आणि पिएझोची टोकदार सुरुवात छान जमते. ब्रिज पिकअपसोबत दोघंही वरच्या पट्टीत भांडतात. तारा निकेलच्याच लावा, ब्राँझच्या वेटोळ्याला चुंबक दाद देत नाही.

आता आपल्या हवेचं. मालवण-वेंगुर्ल्याच्या दमटपणात मॅग्नेटिकला फारसं काही होत नाही. तारा गंजतात, तेवढंच. पिएझोची बाजू नाजूक. सॅडलपाशी घाम, मीठ आणि धूळ यांचा ओला थर बसला की त्यातून वीज गळते, बास कमी होतो, एखाद्या तारेचा आवाज दबतो. आठवड्याला कोरडं फडकं फिरवायचा कंटाळा असेल तर दोनदा विचार करा. उलट मांडवात, जनरेटर आणि दिव्यांच्या वायरींत, सिंगल कॉइल (एकाच कॉइलचा पिकअप) ५० हर्ट्झचा गुणगुणाट पकडतो. तिथे हंबकर हवा. पिएझोला तो चुंबकीय त्रास नाही, पण कॅव्हिटीला (बॉडीतल्या वायरिंगच्या पोकळीला) शील्डिंग नसेल तर त्याची वायरही खरखर उचलते.

घरी ॲम्पवर रॉक वाजवणाऱ्याने पिएझोच्या फंदात पडू नये. चांगला हंबकर घ्या, उरलेले पैसे ॲम्पवर घाला. गणपतीतला ऑर्केस्ट्रा, लग्नाचा हॉल, तारकर्लीच्या रिसॉर्टमधली संध्याकाळ असं सगळं करणाऱ्याने दोन्ही घ्यावेत, पण वेगळ्या आउटपुटसह: स्टीरिओ जॅकमधून मॅग्नेटिक ॲम्पला, पिएझो डीआयमधून (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवणाऱ्या पेटीतून) मिक्सरला. एका केबलवर एकत्र करून देण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, कारण ज्याला जो स्पीकर लागतो तो मिळतो. साउंडवाल्याकडे एकच लाइन उरली असेल त्या दिवसासाठी मोनोची, म्हणजे दोन्ही एकाच केबलवर देण्याची, सोय तीन-टप्पी स्विचवर ठेवायला सांगा. आणि बॅटरीचं झाकण स्क्रूचं नको, बोटाने उघडणारं मागा. दोन गाण्यांच्या मध्ये, अंधारात, स्क्रूड्रायव्हर कोणाकडेच नसतो.