के-९ वज्र: पल्ल्याआधी वजन विचारा

देवळालीच्या तोफखाना प्रशाळेत ९ नोव्हेंबर २०१८ रोजी के-९ वज्र आणि एम-७७७ या तोफा एकाच समारंभात लष्करात दाखल झाल्या. दोन्हींच्या नळीचा व्यास १५५ मिलिमीटर. पण वज्र सुमारे पन्नास टनांची, तर एम-७७७ साडेचार टनांच्याही आतली.

वज्र मुळात दक्षिण कोरियाची; आपल्याकडे ती लार्सन अँड टुब्रो गुजरातेत हजिरा येथे बांधते. चिलखती सांगाड्यात पाच तोफची बसतात, गोळा यंत्राने नळीत सरकतो, फक्त त्यामागची दारू हाताने भरावी लागते, आणि पहिल्या पंधरा सेकंदांत तीन गोळे सुटतात. तिचा खरा गुण मात्र त्यानंतर दिसतो: शत्रूचे रडार गोळ्याच्या मार्गावरून तोफेचा ठाव लावून उलट मारा करीपर्यंत ती साखळीपट्ट्यांवर तेथून निघूनही गेलेली असते. ओढून न्यायच्या तोफेचे पसरलेले पाय उचलायचे, मिटायचे, मग गाडीला जोडायचे. आणि तेवढा वेळ माणसे उघड्यावर. ड्रोनच्या काळात हा उघडेपणा फार महागात पडतो.

त्यामुळे राजस्थान-पंजाबच्या मैदानासाठी वज्र घेणे योग्यच होते. ती पुढे लडाखलाही नेली आणि डिसेंबर २०२४ मध्ये आणखी तोफांसाठी ७,६२८ कोटी रुपयांचा करार झाला. तरीही डोंगरातला प्रत्येक पूल पन्नास टन पेलेलच असे नाही. तेथे चिनूक हेलिकॉप्टरखाली टांगून नेता येणारी एम-७७७ हवी. तिची ३९ कॅलिबरची, म्हणजे व्यासाच्या ३९ पट लांबीची, नळी आखूड, म्हणून पल्लाही तोकडा, हे सोसावे लागते.

पल्ल्यात सरस आहे ती पुण्याच्या एआरडीई या शस्त्र-संशोधन संस्थेची एटॅग्ज तोफ: ५२ कॅलिबरची नळी, दारूसाठी नेहमीच्या २३ ऐवजी २५ लिटरचा कक्ष आणि सुमारे ४८ किलोमीटरचा मारा. मार्च २०२५ मध्ये ३०७ तोफांचा करार झाला खरा, पण अठरा टनांची ही तोफ शेवटी ओढूनच न्यायची. अहिल्यानगरच्या व्हीआरडीई या लष्करी वाहनांच्या संशोधन संस्थेने हीच तोफ आठ चाकी ट्रकवर बसवली आहे. वज्रइतके चिलखत तिला मिळणार नाही, शेताडीत चाके रुततीलही. पण रस्त्याने ती स्वतःच्या बळावर जाते आणि वजन सुमारे तीस टनांवर थांबते. पुढच्या खरेदीत माझे मत तिलाच.