पैसे बुडाल्यावरची चार दारं: १९३०, एमपीआयडी, स्कोअर्स आणि प्राप्तिकर

गंडा बसल्याचं कळल्यावरही बहुतेक गुंतवणूकदार आधी एजंटच्या मागे लागतात. ‘सोमवारी जमा होतील’, ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे ऐकण्यात पंधरवडा जातो, आणि नेमका त्याच काळात पैसा खात्याखात्यांतून फिरून बाहेर पडतो. महाराष्ट्रातल्या माणसाला दाद मागायच्या ज्या सोयी उपलब्ध आहेत, त्या आम्ही इथे एकाच प्रश्नावर तोलल्या आहेत: हातात खरोखर काय पडतं?

ॲप, व्हॉट्सॲप ग्रुप किंवा बनावट ट्रेडिंग खात्यातून फसवणूक झाली असेल, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांकाला पर्याय नाही. पैसे पाठवल्यापासून काही तासांत फोन गेला, तर समोरच्या खात्यात उरलेली रक्कम गोठवता येते. फोन करण्याआधी स्वतःचा खाते क्रमांक, तारीख, रक्कम आणि प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर, म्हणजे बँकेने दिलेला व्यवहार क्रमांक, लिहून ठेवा. ‘एकूण आठ लाख गेले’ एवढंच सांगितलं तर बँकेला माग काढता येत नाही. व्यवहार एकेक करून नोंदवा, आणि सगळ्यात ताजा आधी, कारण शिल्लक सापडण्याची शक्यता त्याच पैशात जास्त असते. आपल्या बँकेलाही त्याच वेळी लेखी कळवा.

या सेवेतली उणीव पुढे जाणवते. रक्कम गोठली म्हणजे परत आली असं नाही. ती सोडवून घेण्यासाठी सहसा न्यायदंडाधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करावा लागतो, आणि हे तक्रारदाराला कोणी आपणहून सांगत नाही. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलचा पोचक्रमांक म्हणजे एफआयआर नव्हे, हेही लक्षात ठेवा. बँकेकडून भरपाईची आशा इथे फार धरू नये. रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक अनधिकृत व्यवहारांसाठी आहे. गुंतवणुकीच्या फसवणुकीत ओटीपी टाकून पैसे आपणच पाठवलेले असतात.

आता एमपीआयडी, म्हणजे ठेवीदारांच्या हितसंबंधांचं संरक्षण करणारा महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा. चिट फंड, महिन्याला ठरावीक टक्के देणाऱ्या योजना, सोनं-हिरे किंवा भूखंडाच्या नावाखालच्या ठेवी यांच्यासाठी आमच्या मते हेच सगळ्यात भक्कम हत्यार आहे. नुसत्या फसवणुकीच्या गुन्ह्यात आरोपी तुरुंगात जातो, पैसा मात्र जिथल्या तिथे राहतो. एमपीआयडीत कलम ४ खाली शासन मालमत्तेवर टाच आणतं, सक्षम प्राधिकारी नेमला जातो, तो ३० दिवसांत विशेष न्यायालयात अर्ज करतो आणि पुढे लिलावातून ठेवीदारांना वाटप होतं. प्रवर्तकाने बायकोच्या, मेहुण्याच्या नावावर फिरवलेल्या मालमत्तेपर्यंतही न्यायालयाला पोचता येतं.

‘ठेव’ या शब्दाची व्याख्या इथे मुद्दाम रुंद ठेवली आहे. नॅशनल स्पॉट एक्स्चेंज (एनएसईएल) या वस्तूंच्या सौद्यांच्या बाजाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ च्या निकालात ती तशीच वाचली आणि शेअर बाजारासारखं दिसणारं ते व्यासपीठही ‘वित्तीय आस्थापना’, म्हणजे या कायद्याच्या कक्षेतली संस्था, ठरवलं. त्यामुळे करारावर ‘भागीदारी’, ‘हातउसने’ किंवा ‘आगाऊ रक्कम’ असं लिहिलंय म्हणून गप्प बसू नका. फिर्यादीत तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: किती रक्कम दिली, किती मुदतीने परत मिळणार होती, आणि बदल्यात काय कबूल केलं होतं. नुसतं ‘मला फसवलं’ असं लिहिलं की ठाण्यात ‘ही दिवाणी बाब आहे’ हे उत्तर ठरलेलं. ते मिळालंच तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे फिर्याद लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे पाठवा, शहरात उपायुक्तांकडे. तिथेही दखल घेतली नाही तर न्यायदंडाधिकारी आहेतच. ठेवीदार अनेक असतील तर एकत्र तक्ता करा: नाव, तारीख, रक्कम, भरण्याचा मार्ग, परत मिळालेली रक्कम. मिळालेलं व्याज लपवू नका, वाटपाच्या हिशेबात ते निघतंच.

गती मात्र फार कमी. एनएसईएलचा घोटाळा २०१३ चा, आणि त्यातल्या टाचेच्या वैधतेचा वाद मिटायला २०२२ उजाडलं. मालमत्ता आधीच बँकेकडे गहाण असली तर अडचण आणखी वाढते. दुसरा धोका कमिशनचा. ज्यांनी नातेवाइकांना योजनेत आणून टक्केवारी घेतली, ते स्वतः आरोपी होऊ शकतात. त्यांनी वकिलाशी बोलल्याशिवाय जबाब देऊ नये.

रोख दिली होती म्हणून अनेकजण तक्रारच करत नाहीत. २०,००० किंवा त्याहून जास्त रकमेची ठेव रोखीने घेण्यावर बंदी आहे, आणि त्याचा दंड घेणाऱ्याला आहे, देणाऱ्याला नाही. तुम्हाला फक्त पैसा कुठून आला हे दाखवता आलं पाहिजे.

पुढच्या तारखेचे धनादेश हातात असतील तर ते त्यांवरच्या तारखेपासून तीन महिन्यांत भरा. परत आले तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यावर १५ दिवस वाट, आणि त्यानंतर महिन्याभरात धनादेश न वटल्याबद्दल परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ ची तक्रार. ‘जरा थांबा, पुन्हा भरा’ या विनंतीत ही मुदत हमखास निसटते.

शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीचं तक्रारींसाठीचं स्कोअर्स पोर्टल नेटकं आहे. कंपनी किंवा ब्रोकरला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं, पटलं नाही तर १५ दिवसांत फेरविचार मागता येतो. पण ते नोंदणीकृत संस्थांसाठीच आहे. टेलिग्रामवरच्या ‘गुरूं’विरुद्ध तिथे अर्ज करून दिवस घालवू नका.

प्राप्तिकराचं दार सगळ्यात निराशाजनक. नोकरदाराची बुडालेली मुद्दल पगारातून वजा होत नाही. व्यावसायिकालाही सवलत आहे ती धंद्याच्या ओघात झालेल्या नुकसानीपुरती. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली बद्रीदास डागा खटल्यात हे तत्त्व घालून दिलं. कर्मचाऱ्याने गल्ला लांबवला तर तो तोटा उघडकीला आला त्या वर्षी मान्य होतो, हे प्राप्तिकर खात्याचं १९६५ चं परिपत्रकही सांगतं. दुकानदाराने शिलकीतले पैसे दामदुप्पट योजनेत घातले, तर तो धंद्यातला तोटा नव्हे. भांडवली तोटा दाखवायला हस्तांतरण किंवा हक्क संपल्याचा पुरावा लागतो. कंपनीला कुलूप दिसलं एवढ्याने भागत नाही. तो मान्य झालाच तर आठ वर्षं पुढे ओढता येतो, पण मुदतीत विवरणपत्र भरलं असेल तरच. क्रिप्टोतला तोटा तर कशातूनच वळता होत नाही.

इथे एक काम मात्र करण्यासारखं आहे. हातात न पडलेलं व्याज उत्पन्नात दाखवून कर भरला असेल, तर सुधारित विवरणपत्राची मुदत शिल्लक असेपर्यंत सीएला गाठा. ती उलटली की ‘अपडेटेड’ विवरणपत्राने कर कमी करता येत नाही. पुढे वाटपात मुद्दल परत आली तर ती उत्पन्न नाही, व्याज आलं तर ते आहे.

अमेरिकेत कर भरणाऱ्या मराठी गुंतवणूकदारांना तुलनेने बरी वाट आहे. पॉन्झी योजनेसाठी, म्हणजे नव्यांच्या पैशातून जुन्यांना परतावा देणाऱ्या योजनेसाठी, तिथल्या महसूल खात्याची ‘रेव्हेन्यू प्रोसिजर २००९-२०’ या क्रमांकाची कार्यपद्धती आहे. तिच्या अटी पूर्ण होत असतील, तर त्रयस्थाकडून वसुलीचा प्रयत्न न करणाऱ्याला पात्र गुंतवणुकीच्या ९५ टक्के आणि करणाऱ्याला ७५ टक्के तोटा धरता येतो. त्यातून प्रत्यक्ष मिळालेली आणि विमा वगैरेतून मिळणार असलेली रक्कम वजा होते. मुख्य सूत्रधारावर फौजदारी कारवाई सुरू झालेली असणं ही त्यातली कळीची अट.